वाटेवर तरंगणारा आकडा

संध्याकाळच्या वेळी एस. टी.च्या खिडकीशी बसून बाहेर पाहणाऱ्याला एक गंमत हमखास दिसते. बाहेर अंधारू लागते, गाडीत दिवा लागतो, आणि खिडकीच्या काचेपलीकडे, थेट उसाच्या फडावर, दुसरा एक दिवा तरंगू लागतो. फड मागे पडतो, ओढा येतो, वस्ती येते. पण तो दिवा गाडीच्या बरोबरीने हवेतून चालतच राहतो. लहान मूल त्याला धरावयास जाते आणि काचेवर बोटे आपटून थांबते. दिवा अर्थातच आतला आहे. त्याच्या प्रकाशाचा थोडासा अंश काचेवरून परत फिरतो व डोळ्यांत शिरतो. डोळ्यांना मात्र वाटते, की हा प्रकाश सरळ समोरून, काचेपलीकडून आला. काचेच्या अलीकडे दिवा जितका दूर, तितकीच पलीकडे त्याची आभासी प्रतिमा दूर असते. त्याच काचेतून बाहेरचा फडही दिसत असल्यामुळे दिवा आणि फड ही दोन्ही दृश्ये एकावर एक येतात.

काचेच्या या दुहेरी वागण्याचा उपयोग करून सायकलस्वाराला आपला वेग समोरच्या वाटेवरच वाचता यावा, असे एक साधन घरच्या घरी तयार करता येते. इंग्रजीत त्याला 'हेड-अप डिस्प्ले' म्हणतात. मान खाली न घालता वाचावयाचा दर्शक, एवढाच त्याचा अर्थ. आपण त्याला 'समोरचा दर्शक' म्हणू.

सायकलला वेग दाखवणाऱ्या यंत्राची गरजच काय, असे कोणी विचारील, आणि प्रश्न रास्त आहे. हँडलवर बसवावयाची लहान वेगमापके दुकानात मिळतात, आणि त्यांच्यावाचूनही कित्येकांच्या सायकली जन्मभर बिनतक्रार चालल्या आहेत. तथापि ज्याला वेग पाहावयाचाच आहे, त्याची एक अडचण लक्षात घेतली पाहिजे. ताशी १८ किलोमीटर वेगाने जाणारी सायकल एका सेकंदात ५ मीटर पुढे सरकते. हँडलवरील आकडा वाचण्यासाठी सायकलस्वाराने मान खाली घातली, आकडा वाचला आणि पुन्हा वर पाहिले, या साऱ्यात एकच सेकंद गेला असे धरले, तरी त्या अवधीत त्याने ५ मीटर वाट न पाहता तोडली. उतारावर ताशी २७ किलोमीटर वेग असेल, तर साडेसात मीटर. एवढ्या अंतरात एखादा खड्डा, अचानक वळलेली म्हैस किंवा चेंडूमागे धावत आलेले मूल सहज मावते.

यात नुसती मान वळवण्याचाच वेळ जातो असेही नाही. जवळची वस्तू पाहताना डोळ्यातील भिंग फुगीर होते, दूरची पाहताना ते पुन्हा सपाट होते. रस्त्यावरून हँडलवर आणि हँडलवरून रस्त्यावर नजर नेताना हा बदल दोनदा करावा लागतो. तरुण डोळा तो चटकन करतो. वय वाढत जाते तसे भिंग ताठर होते व तोच बदल जड जातो. म्हणून समोरचा दर्शक करताना दोन गोष्टी साधावयाच्या असतात. आकडा नजरेच्या वाटेजवळ आणावयाचा, ही पहिली. तो दूर असल्यासारखा दिसावा, ही दुसरी. आणि ही दुसरी गोष्ट लक्षात न घेतल्यामुळेच हौशी लोकांची पुष्कळ साधने फसतात.

युक्ती जुनीच आहे. लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निक संस्थेत जॉन हेन्री पेपर यांनी १८६२ मध्ये रंगभूमीवर एक मोठी काच तिरपी उभी करून प्रेक्षकांना भूत दाखवले. भुताचे काम करणारा नट रंगमंचाखाली लपलेला होता आणि त्याच्यावर प्रखर प्रकाश टाकलेला होता. काचेत पडलेले त्याचे प्रतिबिंब रंगमंचावर वावरताना दिसे, आणि दुसरा नट त्याच्या अंगातून खुशाल तलवार आरपार नेऊ शके. पुढे १९०० मध्ये डब्लिनचे हॉवर्ड ग्रब यांनी बंदुकीचा नेम धरण्यासाठी असेच एक साधन योजले. त्यांनी काचेच्या जोडीला एक भिंग घातले, त्यामुळे नेमाची खूण लक्ष्याइतकीच दूर दिसू लागली. दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमानांत ही रचना सर्रास वापरली गेली. १९५८ मध्ये प्रथम उडालेल्या 'बकॅनिअर' या ब्रिटिश विमानाचा वैमानिक समुद्राच्या पृष्ठाजवळून अतिशय वेगाने जात असे; त्याला खाली पाहण्यास उसंत नसे, म्हणून त्याच्यासाठी वेग, उंची यांसारखी माहितीही समोरच्या काचेवर आणण्यात आली. १९८८ मध्ये अमेरिकेतील 'जनरल मोटर्स' कंपनीने हा दर्शक मोटारीत बसवला. २००१ मध्ये प्रथम उडालेल्या आपल्या 'तेजस' विमानासाठी असा दर्शक चंडीगढच्या केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संस्थेने तयार केला. विमानातील दर्शक फार महाग असतो. पण ज्या नियमांवर तो चालतो, ते नियम पुठ्ठा आणि प्लॅस्टिक यांनाही तितकेच लागू आहेत.

प्रथम वेग कसा कळावा ते पाहू. पुढच्या चाकाच्या एका तारेला लहानसे लोहचुंबक घट्ट बांधावे. चाकाला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या फोर्कवर, चुंबक ज्या उंचीवरून फिरते त्याच उंचीवर, 'रीड स्विच' बसवावा. काचेच्या बारीक नळीत बंद केलेल्या दोन नाजूक लोखंडी पात्या, एवढेच त्याचे स्वरूप. चुंबक जवळून गेले की पात्या एकमेकींना चिकटतात व वीज वाहते. चुंबक पुढे गेले की त्या सुटतात. म्हणजे चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एक टिचकी वाजली असे समजावे. या टिचक्या 'आर्डुइनो'सारख्या छोट्या नियंत्रकाकडे नेल्या, की दोन टिचक्यांमधील वेळ तो सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतो.

आता चाकाचा परीघ हवा. तो पुस्तकातून घेऊ नये. टायरवर व जमिनीवर खडूने खूण करावी, वर स्वार बसवून सायकल सरळ रेषेत एक पूर्ण फेरा पुढे न्यावी आणि दोन खुणांमधील अंतर टेपने मोजावे. जुन्या धर्तीच्या मोठ्या सायकलीत ते सुमारे २.२ मीटर भरते. असा एक फेरा ०.५५ सेकंदात झाला, तर वेग सेकंदाला ४ मीटर, म्हणजे ४ × ३.६ = ताशी १४.४ किलोमीटर झाला. परीघ २.२ ऐवजी २ मीटर धरणाऱ्याची सायकल कागदावर कायमची सुमारे नऊ टक्क्यांनी मंद चालेल.

नियंत्रकाला दोन गोष्टी मुद्दाम शिकवाव्या लागतात. पात्या चिकटताना किंचित थरथरतात, त्यामुळे एकाच फेऱ्याच्या चार-पाच टिचक्या मोजल्या जातात व शाळेत निघालेली सायकल आगगाडीला मागे टाकू लागते. यासाठी एका टिचकीनंतर सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत येणारी दुसरी टिचकी मोजू नये, असे त्याला सांगावे. खऱ्या दोन फेऱ्यांत इतके कमी अंतर पडावयास ताशी ७९ किलोमीटर वेग लागेल, तेव्हा त्याची चिंता नको. दुसरी गोष्ट थांबण्याची. सायकल थांबली की टिचकी येतच नाही, आणि बिचारा नियंत्रक शेवटचाच वेग दाखवीत बसतो. तीन सेकंद वाट पाहूनही टिचकी न आल्यास शून्य दाखवावे, एवढी आज्ञा पुरते. तारा जोडणे, डाख देणे, विजेरी बसवणे ही कामे ज्याने पूर्वी केली आहेत अशा मोठ्या माणसाशेजारी बसून करावी. ती वाचून येत नाहीत.

आता खऱ्या कारागिरीकडे वळू. दर्शक कोठे बसवावा? सायकलस्वाराचा डोळा जमिनीपासून दीड मीटर उंच, हँडल एक मीटर उंच, आणि दोहोंतील आडवे अंतर ६० सेंटिमीटर आहे असे धरू. कागदावर मापाने आकृती काढली म्हणजे कळते, की हँडलवरील वेगमापक पाहणाऱ्याची नजर सुमारे ४० अंश खाली झुकते. १५ मीटर पुढची वाट पाहताना ती जेमतेम ६ अंश झुकलेली असते. आकडा त्या वाटेवरच हवा असेल, तर काच हँडलच्या वर ४४ सेंटिमीटर उभी करावी लागेल, म्हणजे जवळजवळ तोंडासमोर काठी रोवल्यासारखे होईल. सायकल पडली तर काठी कोणाच्या तोंडावर येईल, हे सांगावयास नको. शिवाय उंच काठी थरथरते. आणि तिरपी काच एक अंशाने हलली, तर तिच्यातील प्रतिमा दोन अंशांनी हलते. म्हणून मधला मार्ग धरावा. काच हँडलच्या वर ३० सेंटिमीटर ठेवली, तर नजर १८ अंश झुकवावी लागते व आकडा सुमारे साडेचार मीटर पुढच्या रस्त्यावर पडलेला दिसतो. मोटारीतही आकडा रस्त्याच्या मध्यभागी न आणता बराच खाली ठेवतात. तो नजरेच्या आड यावा, अशी कोणाचीच इच्छा नसते.

काच म्हणजे खरी काच मात्र नको. एक-दीड मिलिमीटर जाडीचा पारदर्शक ॲक्रिलिकचा, पोस्टकार्डाएवढा तुकडा घ्यावा, त्याचे कोपरे गोल करावे व कडा पॉलिशकागदाने घासाव्या. तो बांबूच्या दोन कामट्यांना रबराने असा अडकवावा, की धक्का बसताच निसटून पडेल. निसटणे हा येथे दोष नव्हे.

हँडलच्या पुढे पातळ प्लायवुडची एक उभी पेटी बांधावी. तिच्या तळाशी वर तोंड करून हिरव्या प्रकाशाचे दोन अंक असलेला दर्शक ठेवावा; हिरव्या रंगाला आपला डोळा सर्वांत अधिक संवेदनक्षम आहे. पेटीला आतून काळा कागद लावावा. आकड्यांचा प्रकाश सरळ वर जातो, तिरप्या तुकड्यावर आदळतो आणि सायकलस्वाराकडे वळतो. नजर आडवी असती, तर तुकडा जमिनीशी ४५ अंशांत ठेवावा लागला असता. पण नजर १८ अंश झुकलेली आहे, म्हणून त्याच्या निम्म्याने, म्हणजे ९ अंशांनी, तुकडा अधिक उभा करून ५४ अंशांत ठेवावा. त्याची वरची कड सायकलस्वाराकडे झुकलेली असावी.

एवढे करून दिवा लावला, की पहिला अपेक्षाभंग होतो. हा अंकदर्शक तीन आडव्या व चार उभ्या अशा सात पट्ट्यांचा असतो. त्यांपैकी काही पेटवून काही विझवून शून्यापासून नवापर्यंतचे अंक काढतात. मेजावर वाचावयास ठेवावा तसा दर्शक पेटीत ठेवला, तर तुकड्यात त्याची डावी-उजवी बाजू जागच्या जागी राहते. परंतु वरची बाजू खाली व खालची वर जाते. १ तसाच दिसतो, ३ आणि ८ हेही तसेच दिसतात. ४, ७ यांचे काहीतरी भलतेच चिन्ह होते, ते पाहताच चूक ध्यानात येते. खरी फसवणूक २ आणि ५ यांची. सात पट्ट्यांचा २ उलटा केला की हुबेहूब ५ होतो, आणि ५ चा २. म्हणजे ताशी १२ किलोमीटर वेगाने जाणाऱ्याला समोर १५ दिसतील, आणि १५ ने जाणाऱ्याला १२! दोन्ही आकडे इतके संभवनीय, की कित्येक दिवस कोणाला शंकाही येणार नाही. ताशी २५ ने उतार उतरणाऱ्याला मात्र ५२ दिसतील आणि तो घाबरून ब्रेक दाबील.

कोणी म्हणेल, दर्शकच उलट फिरवून ठेवू. तसे केल्यास वरची बाजू वर येते, पण डावी-उजवी बदलते. मग २५ योगायोगाने २५ च वाचता येतात, परंतु १२ चे ५१ होतात. एक संकट टाळून दुसरे ओढवले.

उपाय फार सोपा आहे, आणि तो सुचला म्हणजे आनंद होतो. पट्ट्यांकडे जाणाऱ्या तारांपैकी वरच्या आडव्या पट्टीची तार खालच्या आडव्या पट्टीला जोडावी आणि खालचीची वरच्या पट्टीला; उजवीकडची वरची उभी आणि खालची उभी यांच्या तारांची अदलाबदल करावी; डावीकडेही तसेच करावे. मधली आडवी पट्टी जागच्या जागी राहू द्यावी. आता दर्शक मुळातच उलटे अंक काढतो आणि तुकडा ते सुलट करतो. पेटीत डोकावून पाहणाऱ्याला तेवढे ते विचित्र दिसतात.

यानंतर आकडा दूर नेण्याचे काम. आतापर्यंतच्या रचनेत प्रतिमा डोळ्यापासून एक मीटरच्या आसपास आहे, म्हणजे रस्त्याच्या मानाने फारच जवळ. ती दूर लोटण्यासाठी बहिर्वक्र भिंग लागते. बारीक अक्षरे वाचण्यासाठी वर्तुळाकार रेघांचा एक चपटा प्लॅस्टिकचा कागद मिळतो. ते खरोखर भिंगच आहे; भिंगाचा निरुपयोगी जाड भाग काढून केवळ वळणे शिल्लक ठेवावी, ही ऑग्युस्तँ फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने दीपगृहांसाठी १८२२ च्या सुमारास वापरात आणलेली कल्पना त्यात आहे. ज्याचे नाभीय अंतर २० सेंटिमीटरच्या आसपास आहे असा कागद निवडावा. हे अंतर मोजण्यासाठी सूर्य वापरू नये. खोलीत भिंतीसमोर भिंग धरून ते पुढेमागे करावे. खिडकीबाहेरच्या दूरच्या झाडाचे लहानसे उलटे चित्र भिंतीवर स्पष्ट उमटले, की भिंग व भिंत यांतील अंतर हेच नाभीय अंतर होय.

या भिंगाचा १० सेंटिमीटरचा चौरस तुकडा पेटीच्या तोंडावर आडवा बसवावा, आणि अंकदर्शक भिंगाखाली वरखाली सरकवता येईल अशी सोय करावी. येथे अंतराची किंमत मोठी आहे. दर्शक भिंगाखाली १८ सेंटिमीटरवर असेल, तर प्रतिमा भिंगापासून १.८ मीटर दूर दिसते. तो १९ सेंटिमीटरवर नेला, तर ती ३.८ मीटर दूर जाते, साडेएकोणीसवर ७.८ मीटर, आणि बरोबर २० सेंटिमीटरवर, म्हणजे नाभीवरच आला, तर प्रतिमा अनंत अंतरावर जाते, चंद्राइतकी दूर म्हणा ना. पट्टीने मोजून हे साधत नाही. सायकल स्टँडवर उभी करावी, वर बसावे, आणि तुकड्यातून पलीकडे वीस-पंचवीस पावलांवर जमिनीवर ठेवलेल्या एका विटेकडे पाहत डोके सावकाश डावीउजवीकडे हलवावे. डोके उजवीकडे नेताना आकडा विटेच्या डावीकडे सरकू लागला, तर तो अजून जवळ आहे. दर्शक केसभर खाली सरकवावा व पुन्हा पाहावे. विटेवर आकडा खिळून बसला, की तेथेच तो पक्का करावा. यात एखादा तास सहज जातो. याचे आणखी एक बक्षीस मिळते. ॲक्रिलिकच्या तुकड्याला दोन पृष्ठे असल्यामुळे प्रतिबिंबेही दोन पडतात आणि आकडा दुहेरी दिसतो. पण प्रतिमा पुरेशी दूर गेली, की दोन्ही पृष्ठांवरून येणारे किरण समांतर होतात आणि डोळ्यात दोन्ही आकडे मिसळून एकच होतो.

मात्र याच भिंगात एक धोका दडलेला आहे, आणि त्याचे गांभीर्य लहान समजू नये. भिंगाचे तोंड आकाशाकडे आहे. दुपारी सायकल उन्हात उभी राहिली, तर पारदर्शक तुकड्यातून ऊन सरळ भिंगावर पडते आणि नाभीजवळ, म्हणजे नेमके जेथे आपण अंकदर्शक व काळा कागद ठेवला आहे तेथे, एका ठिपक्यात गोळा होते. भिंगाने वाळका पाला पेटवण्याचा खेळ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना पुढचे सांगावे लागणार नाही. म्हणून पेटीला झाकण हवेच, आणि सायकलवरून उतरल्यावर पहिले काम झाकण घालण्याचे. ऊन डोक्यावर असताना तर झाकण काढूच नये.

भर दुपारी झाकण काढून लाभही नाही. असा साधा तुकडा आपल्यावर पडणाऱ्या प्रकाशाचा सुमारे दहावा भागच परत फिरवतो. बाकीचा आरपार निघून जातो. एस. टी.च्या खिडकीतला दिवा दिवसाही तेथे असतो, पण बाहेरच्या उजेडापुढे तो दिसत नाही. तसेच येथे. चकाकणाऱ्या डांबरी रस्त्यावर हिरवा आकडा विरून जातो; सकाळी लवकर, झाडांच्या सावलीत आणि दिवेलागणीला तो स्वच्छ दिसतो. तुकड्यावर गडद कागद चिकटवून आकडा ठळक करता येतो हे खरे, पण त्याने रस्ता अंधुक होतो. रस्त्यासाठी आकडा की आकड्यासाठी रस्ता, हे तेथे ठरवावे लागते, आणि उत्तर उघड आहे. उलट अंधार पडल्यावर आकडा फार प्रखर वाटू लागतो. तेव्हा तो मंद करण्याची कळ अवश्य असावी.

परीक्षा टप्प्याटप्प्याने घ्यावी. प्रथम पुढचे चाक उचलून हाताने फिरवावे व आकडे योग्य क्रमाने वाढतात ना ते पाहावे. नंतर शाळेच्या मोकळ्या मैदानावर ५० मीटर अंतर आखून एकसारख्या वेगाने जावे. सोबत्याने घड्याळ लावावे. १० सेकंद लागले, तर सेकंदाला ५ मीटर, ताशी १८ किलोमीटर. तुकड्यातही १८ च्या आसपासचा आकडा दिसला, तर मोजमाप जुळले. चालत्या सायकलवर पेटीची, कळीची किंवा तुकड्याची जुळवाजुळव करणे सर्वस्वी वर्ज्य. रहदारीच्या रस्त्यावर हे साधन घरच्या वडीलधाऱ्यांच्या परवानगीवाचून नेऊ नये. आणि हेल्मेट तर दर्शक असो वा नसो, असावेच.

आता सारे जुळले आहे, आकडा वाटेवर तरंगतो आहे, मान वर आहे, डोळ्यांना भिंग फुगवावे लागत नाही. मग काम संपले काय? वैमानिकांनाही एके काळी तसेच वाटले होते. १९८० मध्ये अमेरिकेच्या 'नासा' संस्थेच्या एम्स संशोधन केंद्राने एका प्रयोगाची हकिकत प्रसिद्ध केली. अनुभवी वैमानिकांना खोट्या विमानकक्षात बसवून समोरच्या दर्शकाच्या साहाय्याने विमान उतरवावयास सांगितले होते. एका उतरणीच्या वेळी धावपट्टीवर आडवे उभे असलेले दुसरे विमान मुद्दाम दाखवण्यात आले. काही वैमानिकांना ते दिसलेच नाही. त्यांची मान वर होती, त्यांची नजर धावपट्टीकडेच होती, मधल्या काचेतून सारे स्वच्छ दिसत होते. परंतु त्यांचे मन काचेवरच्या खुणांत गुंतले होते. डोळा आणि लक्ष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि भिंग फक्त डोळ्याचीच अडचण दूर करते.

या प्रयोगावरून सायकलच्या दर्शकात काय फेरफार करावा, याचा विचार करणे सहज शक्य आहे. वेग, अंतर, वेळ, तापमान असे सारेच समोर आणण्याचा मोह हौशी कारागिराला होतो. नियंत्रकाला ते जमते, म्हणून ते करावेसे वाटते. तो आवरला पाहिजे. एकच आकडा ठेवला, तरी तो वाचावा लागतो. आणि वाचावे लागते तेथे मन क्षणभर थांबते. १७ चे १८ झाले, १८ चे १९ झाले, हे पाहत राहण्याचा चाळाही लागतो. खरे पाहता सायकलस्वाराला १७ आणि १८ यांतील फरकाशी काही कर्तव्य नसते. आपण बेताने जात आहोत की अतिवेगाने, इतकेच त्याला हवे असते.

अंकदर्शकाच्या प्रत्येक अंकाच्या कोपऱ्यात दशांश चिन्हासाठी एक बारीक ठिपका असतो. नियंत्रकाच्या आज्ञावलीत थोडा बदल केला, की तेवढ्याच दोन ठिपक्यांवर काम भागते: वेग ताशी १५ किलोमीटरच्या आत असेल तर काहीही पेटू नये, १५ च्या पुढे गेला की एक ठिपका, २० च्या पुढे दोन. तारांना हात लावावा लागत नाही, भिंग हलवावे लागत नाही. ठिपका वाचावा लागत नाही. तो आहे किंवा नाही, हे नजरेच्या कडेनेही कळते. ज्याला आकडेच हवेत त्याने मैदानावर आकडे ठेवावे व रस्त्यावर निघताना कळ फिरवून ठिपक्यांवर यावे. सकाळी शाळेच्या वाटेवर सायकल बेताने चालली असेल, तर समोरच्या तुकड्यात एकही ठिपका नसतो आणि त्यातून पलीकडची वाट जशीच्या तशी दिसते.